आधी पारख, मग निर्णय : लिनक्सची लाइव्ह डिस्क

विंडोज १० या संगणक-प्रणालीला तिच्या निर्मात्या कंपनीकडून मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. जुलै २०१५ मध्ये प्रसृत झालेली ही प्रणाली दहा वर्षे घरोघरी, शाळांत, वाचनालयांत आणि संस्थांच्या कार्यालयांत राबत आली. साहाय्य संपले म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. यंत्र पूर्वीप्रमाणेच सुरू होते. परंतु सुरक्षिततेतील नव्याने उघडकीस येणाऱ्या उणिवा बुजविणाऱ्या दुरुस्त्या त्याला नेहमीसारख्या मिळत नाहीत. पुढील आवृत्ती असलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील संगणक त्या आवृत्तीस अपात्र ठरतात.

पेडण्यापासून काणकोणपर्यंत असे संगणक ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यापुढे साहजिकच प्रश्न उभा राहतो : चालते यंत्र मोडीत काढावे काय? या प्रश्नाचे एक उत्तर लिनक्स हे आहे. तथापि, लिनक्सचे नाव निघताच सामान्य वापरकर्त्याच्या मनात शंका येतात. जुनी कागदपत्रे नाहीशी होतील काय? छपाईयंत्र चालेल काय? मराठी लिहिता येईल काय? या शंकांचे निरसन ज्याचे त्याने, स्वतःच्याच संगणकावर आणि आतील कोणतीही गोष्ट न बदलता करून घ्यावे, यासाठी जे साधन उपलब्ध आहे त्यास लाइव्ह डिस्क असे म्हणतात. या साधनाचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ती सॉफ्टवेअर यांच्यामधला दुवा म्हणजे संचालन प्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज ही अशीच एक प्रणाली आहे आणि लिनक्सही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. संगणक-प्रणाली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य सर्वांस असावे, हे त्याचे सूत्र होते. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढील वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची लिनक्स प्रणाली उभी राहिली.

हा गाभा आणि उपयुक्त सॉफ्टवेअर एकत्र बांधून अनेक संस्था व मंडळे आपापली वितरणे तयार करतात. डेबियन हे १९९३ पासूनचे, उबुंटू २००४ पासूनचे, तर लिनक्स मिंट २००६ पासूनचे वितरण होय. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे बॉस नावाचे वितरण सिद्ध केले असून त्याची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. केरळ राज्यातील शासकीय शाळांतून लिनक्सवर आधारित प्रणाली अनेक वर्षे शिकविली जात आहे. यांपैकी बहुतेक वितरणे विनामूल्य मिळतात व एकाच प्रतीवरून कितीही संगणकांवर ती वापरण्यास मुभा असते. विंडोजची सवय असलेल्या नवशिक्यास लिनक्स मिंटची मांडणी ओळखीची वाटते. म्हणून पुढील विवेचनात उदाहरणादाखल तेच वितरण घेतले आहे. संगणक जुना व मंद असल्यास त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडावी. यंत्र मात्र ६४ बिटचे असले पाहिजे आणि त्यात निदान २ जीबी, शक्यतो ४ जीबी मेमरी असावी.

लाइव्ह डिस्कचे कार्य

एरवी संचालन प्रणाली संगणकातील हार्ड डिस्कवर बसविलेली असते आणि यंत्र सुरू होताच तेथून ती मेमरीत येते. लाइव्ह डिस्कच्या बाबतीत संपूर्ण प्रणाली बाहेरील तबकडीवर किंवा पेन ड्राइव्हवर संक्षिप्त रूपात साठविलेली असते. संगणक हार्ड डिस्ककडे न वळता या बाहेरील साधनावरून सुरू होतो, लागेल तेवढाच भाग मेमरीत घेतो आणि आपण केलेले बदलही मेमरीतच ठेवतो. यंत्र बंद केले की मेमरी रिकामी होते, पेन ड्राइव्ह काढून घेतला की पूर्वीची विंडोज जशीच्या तशी सुरू होते. पाहुण्याने आपला शिधा आणि भांडी बरोबर आणावीत, ओसरीवर रांधावे आणि जाताना सर्व आवरून न्यावे, तसाच हा प्रकार होय.

जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये प्रसृत केलेल्या क्नॉपिक्स या वितरणामुळे ही कल्पना लोकप्रिय झाली. ७०० एमबीच्या एका सीडीत संपूर्ण कामकाजाची प्रणाली त्यांनी सामावून दाखविली. पुढे उबुंटूच्या सीडी २०११ पर्यंत मागणीनुसार टपालाने विनामूल्य पाठविल्या जात असत. आता वितरणांचा आकार सुमारे ३ जीबी झाला असून सीडी त्यास अपुरी पडते. डीव्हीडी चालते, पण तिची गती कमी असते आणि नव्या लॅपटॉपमध्ये तिच्यासाठी जागाच नसते. त्यामुळे ‘डिस्क’ हे नाव रूढ राहिले असले, तरी व्यवहारात पेन ड्राइव्हच वापरला जातो.

पूर्वतयारी

प्रथम ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सर्व मजकूर पुसला जाणार असल्याने कामाचे काही त्यावर ठेवू नये. त्यानंतर वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ स्वरूपाची फाइल उतरवून घ्यावी. फाइल पूर्ण व अस्सल आहे, याची खात्री करणे अगत्याचे असते. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी होऊन तेथील दुवा काही काळ बनावट फाइलकडे वळविण्यात आला होता, ही घटना या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक फाइलसोबत एसएचए-२५६ या नावाची अंक-अक्षरांची लांब मुद्रा प्रसिद्ध केलेली असते. आपल्या फाइलची मुद्रा काढून ती प्रसिद्ध मुद्रेशी पडताळावी. विंडोजमधील सर्टयुटिल या आज्ञेने ती काढता येते. एका अक्षराचाही फरक आढळल्यास ती फाइल वापरू नये.

फाइल नेहमीप्रमाणे पेन ड्राइव्हवर उतरविल्याने, म्हणजे केवळ कॉपी केल्याने, भागत नाही. संगणक तिच्यावरून सुरू व्हावा यासाठी रुफस किंवा बलेना एचर यांसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ती लिहावी लागते. त्या वेळी नेमका पेन ड्राइव्हच निवडला आहे ना, हे दोनदा पाहावे. चुकून दुसरे साधन निवडल्यास त्यावरील मजकूर जातो.

संगणक सुरू करताना

विंडोज बंद करताना शिफ्टची कळ दाबून ठेवावी, म्हणजे संगणक पूर्णपणे बंद होतो. अन्यथा त्वरित सुरू होण्याच्या सोयीमुळे विंडोज अर्धवट निद्रेत राहते. पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताच साधन निवडण्याची यादी उघडणारी कळ वारंवार दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक संगणकांत ही कळ एफ १२, एचपीमध्ये एफ ९, तर आसुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप असते. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की लिनक्सची सूची दिसते. तिच्यातील पहिला पर्याय निवडावा.

सिक्युअर बूट ही सुरक्षा-व्यवस्था चालू असतानाही वर उल्लेखिलेली मिंट, उबुंटू व डेबियन ही वितरणे सहसा सुरू होतात. काही यंत्रांत ती बंद करावी लागते. विंडोजमध्ये बिटलॉकरची कुलूपबंदी असल्यास, हा बदल करण्यापूर्वी तिची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी. ती जवळ नसल्यास आपल्याच संगणकाची दारे आपल्याला बंद होण्याचा संभव असतो.

काही मिनिटांत पडद्यावर लिनक्सचे आवार उघडते. तेथे प्रणाली हार्ड डिस्कवर बसविण्यासाठी ‘इन्स्टॉल’ असे चिन्ह असते. परीक्षा पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावू नये.

काय तपासावे?

वाय-फाय जोडले जाते काय, आवाज ऐकू येतो काय, कॅमेरा चालतो काय आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो काय, हे आधी पाहावे. नंतर छपाईयंत्र व स्कॅनर जोडून एक पान छापावे आणि एक पान टिपावे. कार्यालयीन कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनी तेही लावून पाहावे, कारण त्याचे सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी लिनक्ससाठी उपलब्ध असतेच असे नाही. केवळ विंडोजसाठी लिहिलेली हिशेबाची व विवरणपत्रांची सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत. ज्यांचे काम अशा सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्यांनी विंडोज सोडण्याची घाई करू नये. पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रणाली हार्ड डिस्कवर बसविलेल्या प्रणालीपेक्षा मंद असते, हेही गतीचा अंदाज घेताना विसरू नये.

मराठीची कसोटी स्वतंत्रपणे घ्यावी. कळफलकाच्या मांडणीत देवनागरीची इन्स्क्रिप्ट मांडणी जोडता येते; ज्यांना उच्चारानुसार टंकलेखनाची सवय आहे, त्यांच्यासाठी मराठीची कागपा मांडणीही असते. ‘वाऱ्यावर’, ‘ज्ञानेश्वर’, ‘कळवळा’ असे शब्द लिहून पाहावेत. ‘ऱ्य’ नीट जुळतो काय, ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे मराठी धाटणीची दिसतात काय, याकडे लक्ष द्यावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न जुन्या लिखाणाचा आहे. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी श्रीलिपीसारख्या पद्धतींच्या विशिष्ट अक्षरवळणांत मराठी मजकूर टंकित होत असे. देवस्थानांची इतिवृत्ते, नाट्यमंडळांच्या संहिता, वाचनालयांच्या नोंदी असे कितीतरी धन अशा फाइलींत आजही पडून आहे. लिनक्सवर ती फाइल उघडली असता निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. फाइल बिघडली असे त्यावरून समजू नये. ती वाचण्यास लागणारी अक्षरवळणे तेवढी तेथे नसतात. अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर जुना संगणक चालू आहे तोवरच करून घ्यावे. पुढे कोणतीही प्रणाली स्वीकारली, तरी हे काम टळणारे नाही.

तीन सावधगिऱ्या

पहिली सावधगिरी अशी की, लाइव्ह डिस्कवर केलेले काम यंत्र बंद होताच नाहीसे होते. पावसाळ्यात वीज अचानक जाते, तेव्हा टेबलावरच्या संगणकावर लिहिलेले पत्रही तिच्याबरोबर जाते. म्हणून ठेवण्याजोगे काही लिहिल्यास ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवर जतन करावे.

दुसरी सावधगिरी हार्ड डिस्कविषयी आहे. लाइव्ह डिस्क स्वतःहून तिला हात लावत नाही; मात्र वापरकर्त्याने ती उघडून तिच्यातील फाइल पुसल्यास ती खरोखरच पुसली जाते. येथे ‘बंद केले की सर्व पूर्ववत’ हा नियम लागू पडत नाही. याच गुणाचा चांगला उपयोगही आहे : विंडोज सुरू होईनाशी झाली, पण हार्ड डिस्क शाबूत असली, तर लाइव्ह डिस्कच्या साहाय्याने आतील छायाचित्रे व कागदपत्रे बाहेर काढता येतात. अर्थात, जे मालकास शक्य आहे ते परक्यासही शक्य असते. विंडोजचा प्रवेशशब्द अशा वेळी अडसर ठरत नाही. हार्ड डिस्क कुलूपबंद असेल तरच आतील मजकूर सुरक्षित राहतो.

तिसरी सावधगिरी सर्वांत मोलाची आहे. प्रणाली कायमची बसविताना ‘इरेज डिस्क’ असा एक पर्याय समोर येतो. तो निवडल्यास विंडोजसह हार्ड डिस्कवरील सर्व काही पुसले जाते. म्हणून बसविण्यापूर्वी कागदपत्रांच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या प्रतीवर भिस्त ठेवू नये.

पुढील पायरी

आठवडाभर निरनिराळ्या वेळी लाइव्ह डिस्क वापरल्यावर निर्णयास पुरेसा आधार मिळतो. सर्व कामे होत असतील तर लिनक्स पूर्णपणे बसवावी. काही कामांसाठी विंडोज आवश्यक असेल तर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवता येतात. आणि छपाईयंत्र वा आवश्यक सॉफ्टवेअर चालत नसेल तर पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. शाळा व संस्थांनी सर्व संगणकांवर एकदम बदल न करता एका यंत्रावर परीक्षा करून, तेथे रोज काम करणाऱ्यांचा अभिप्राय घ्यावा. यापैकी कोणताही निर्णय घेतला, तरी खर्च एका पेन ड्राइव्हचा आणि थोड्या वेळाचाच होतो. चालते यंत्र भंगारात देण्यापूर्वी एवढी पारख प्रत्येकाने अवश्य करावी.