पांदण, जाळरेषा आणि सायकल

परतवाड्याहून पहाटे निघालं की धामणगाव गढीपर्यंत सायकल आपल्याच नादात पळते. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, डिसेंबरातलं धुकं, कुठंतरी ओलिताचं इंजिन. मग रस्ता वळतो, समोर गाविलगडाची रांग भिंतीसारखी उभी राहते आणि चेन मागच्या मोठ्या दातेरी चक्रावर चढवावी लागते. तिथून चिखलदऱ्यापर्यंत आपल्या श्वासाखेरीज दुसरा आवाज कानावर येत नाही. अमरावती समुद्रसपाटीपासून ३४३ मीटरवर आहे, चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर आणि त्याच्याही वर वैराट ११७८ मीटर. हा फरक नकाशावर बोटभर दिसतो. तो मांड्यांना कळतो तेव्हा वऱ्हाडचा भूगोल पहिल्यांदा खरा समजतो.

जुन्या माणसांनी या भूगोलाला नेमकी नावं दिली होती. उत्तरेला सातपुड्याचा मेळघाट, मधे पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट पयनघाट, दक्षिणेला बालाघाट. अकोल्यातून सायकल काढली तर उत्तरेला अकोट-शहानूरमार्गे नरनाळा आणि दक्षिणेला पातूरचा घाट, दोन्ही एका दिवसात जाऊन येण्याजोगे. अमरावतीकराला तर लांब जायचीही गरज नाही. छत्री तलाव आणि वडाळी मागं टाकली की पोहरा-चिरोडीचं जंगल सुरू होतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर, तरी पयनघाटात जमिनीखालचं पाणी खारं. त्या खारपाणपट्ट्यातून वाहणारी पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचं पाणी सिपना नदीतून तापीतच जातं, आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. गाविलगडाच्या धारेवर सायकल टेकवून उभं राहावं, तर दोन्ही बाजूंचं पाणी वेगवेगळ्या वाटांनी एकाच किनाऱ्याकडे निघालेलं असतं.

या डोंगरात माउंटन बाइकसाठी वाटा असाव्यात का, असल्या तर कुठं आणि त्या कोणी ठरवाव्यात, हा प्रश्न घेऊन मी गेले काही हिवाळे इथं फिरतो आहे. फिरता फिरता एक गोष्ट पटत गेली. इथं नवी वाट फोडायची गरज नाही. जुन्या वाटा पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काही सोडून देण्यासाठी आहेत.

या डोंगरावर चाक चढवण्याची सर्वांत अवघड कहाणी १८०३ सालची. २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं गाविलगडाकडे मोर्चा वळवला. किल्ल्याची दक्षिण बाजू उभ्या कड्यांची, तिकडून तोफा चढणं अशक्य. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला डोंगरात शिरली, ती उत्तरेच्या अंगानं किल्ल्यासमोर जाण्यासाठी. अंतर सुमारे ३० मैल. रस्ता नव्हताच. सैनिक पुढं रस्ता करत गेले आणि मागून दऱ्या-खोऱ्यांतून जड तोफा हातांनी ओढत आणल्या. १२ तारखेला फौज पोचली, १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला.

युद्धाच्या पुस्तकांत हा प्रसंग हल्ल्यासाठी सांगतात. मला त्यातले हल्ल्याआधीचे पाच-सहा दिवस महत्त्वाचे वाटतात. तोफगाड्याला जी चढण झेपली नसती ती टाळत, पाण्याच्या कडेनं, धारेवरून, जिथं माती घट्ट तिथून वाट शोधावी लागली असणार. डोंगरात चाकाची वाट काढणाऱ्या प्रत्येकाला हेच करावं लागतं. मग चाक तोफेचं असो वा सायकलचं.

आज ज्याला माउंटन बाइकिंग म्हणतात त्याचा जन्म मात्र एका किनारी डोंगराळ मुलखातला. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात, प्रशांत महासागराला लागून टॅमलपाइस डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथली तरुण मुलं तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन उतारावर सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे ४०० मीटर उतार. सायकलींना पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक असायचा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि दर वेळी हबमध्ये नवं ग्रीस भरावं लागे. ग्रीस पुन्हा भरणं, म्हणजे ‘रिपॅक’, हेच त्या उताराचं नाव पडलं. पुढच्याच वर्षी जो ब्रीझनं खास डोंगरासाठी सायकल बांधली. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ गेला. भारतात हिमाचलात त्याच्या मोठ्या शर्यती सुरू झाल्या आणि २०२३ मध्ये केरळात पोनमुडीला आशियाई स्पर्धा झाली.

रिपॅकचा तो उतार मुळात वणवा विझवायला गाडी जावी म्हणून काढलेला कच्चा रस्ता होता. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून, झाडून जे मोकळे पट्टे ठेवतं त्यांना जाळरेषा म्हणतात. वणव्याच्या भीतीतून मोकळ्या झालेल्या अशा जागा मेळघाटातही आहेत. पण मरिनमध्ये पुढं जे घडलं ते आपण आधी वाचायला हवं. सायकली वाढल्या, पायी चालणारे आणि घोडेस्वार बिथरले, तक्रारी झाल्या आणि एकेरी पायवाटा सायकलींना बंद होत गेल्या. त्या भांडणातूनच १९८८ मध्ये माउंटन बाइकवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि वाट कशी बांधावी याचे नियम लिहिले गेले.

मेळघाटात प्रश्न घोडेस्वारांचा नाही, वाघाचा आणि अस्वलाचा आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होता. आज गाभा आणि बफर मिळून हे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान. गाभ्यात पर्यटकाला ठरलेल्या रस्त्यावरून, वाहनात बसून, परवानगीनंच फिरता येतं. सायकलवाल्यांत यावर कुरकुर ऐकू येते. जीपला धूर आहे, आवाज आहे, सायकल मात्र निरुपद्रवी, असा त्यांचा मुद्दा. मला तो पटत नाही. सायकलचा धोका तिच्या शांतपणातच आहे. जीप लांबून ऐकू येते, पायी माणूस हळू येतो. सायकल वेगानं येते आणि आवाज न करता येते. २०१६ साली अमेरिकेत मोंटानामध्ये ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ एक अनुभवी सायकलस्वार वळणावर थेट अस्वलावर आदळला आणि जिवानिशी गेला. दोघांनाही एकमेकांची चाहूल लागली नव्हती. मेळघाटातल्या कोणत्याही गावात अस्वलानं जखमी केलेल्या माणसाची गोष्ट विचारून पाहा, बहुतेक वेळा ती अशाच अचानक गाठीची असते.

म्हणूनच धुळघाटच्या रेल्वेबद्दल मन घट्ट करावं लागतं. अकोला-खंडवा मीटरगेजची गाडी वान अभयारण्यातून डोंगर चढायची. धुळघाटला चढण सौम्य करण्यासाठी रुळांना असा वेढा दिला होता की लाइन स्वतःलाच ओलांडून वर जाई. २०१७च्या सुरुवातीला ही गाडी थांबली. ब्रॉडगेज जंगलातूनच न्यावं की बाहेरून, यावर मोठा वाद झाला, आणि राज्य सरकारनंच जंगलाबाहेरच्या मार्गाचा आग्रह धरला. अकोला-अकोट रूळ बदलून २०२२ मध्ये गाडी पुन्हा धावली. जंगलातला जवळपास ४० किलोमीटरांचा पट्टा मात्र शांत पडला. युरोपात, अमेरिकेत अशा बंद रेल्वेमार्गांचे सुंदर सायकलमार्ग झाले आहेत. इंजिनाला झेपणारा चढ सायकलला आदर्श असतो. या वाटेचं स्वप्न न पाहिलेला सायकलवाला वऱ्हाडात क्वचितच असेल, मीही पाहिलं आहे. पण ती जागा आता जनावरांना मिळाली आहे, ती त्यांच्याकडेच राहावी.

मग सायकलला काय उरतं? माझ्या मते भरपूर. चिखलदऱ्याचं पठार आणि मोथ्याकडचे गावरस्ते. डोंगराच्या दक्षिण पायथ्याची गावं जोडणाऱ्या गाडवाटा. अकोल्याच्या बाजूला नरनाळ्याच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता. गड स्वतः अभयारण्यात येतो, तेव्हा सायकल शहानूरला ठेवावी आणि १४८७च्या शिलालेखाचा महाकाली दरवाजा पाहायला खात्याच्या नियमानंच वर जावं. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे पांदणी. शेताशेतांतून जाणारी, दोन्हीकडे बोरी-बाभळींची, बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांची पांदण ही वऱ्हाडची खरी सायकलवाट. काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात मात्र विसरावी. चार हात गेलं की चिखल टायर आणि फ्रेमच्या मधे बसतो, चाक फिरायचंच थांबतं, आणि मागं उरलेला खोल चर वाळून दगड झाला की महिनाभर बैलांचे पाय मुरगळतात. दिवाळीनंतर जमीन वाळते, तेव्हापासून मार्चपर्यंतच आपला हंगाम.

डोंगरावरची माती वेगळी. काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर, त्यावर सागाचा पाचोळा. सरळ उताराला लागून वाट काढली की दोन पावसांत तिची घळ होते. त्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा की वाटेचा चढ डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास राहावा. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली असावी, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता आडवं निघून जातं. परदेशी पुस्तकातलं हे शहाणपण आपल्या गावांना नवं नाही. सलग समतल चर खोदलेल्या माणसाला समपातळी काय असते हे सांगावं लागत नाही. २०१६ साली पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली त्या तीन तालुक्यांतला एक आमचा वरुड. तिथं शेतकऱ्यांनी, बायाबापड्यांनी साध्या नळीनं उतार मोजून चर काढले. सायकलवाट आखायला बाहेरून तज्ज्ञ आणण्याआधी या हातांना विचारावं.

आणि विचारायचं तर ग्रामसभेलाच. परतवाड्याजवळच्या पायविहीरनं २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि उजाड टेकडीवर पुन्हा जंगल उभं केलं. सीताफळ विकून गावाला उत्पन्न मिळू लागलं आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अशा गावाच्या जंगलातून सायकलवाट जायची असेल तर तिचं शुल्क, तिचे दिवस, तिची डागडुजी आणि वेळ आली तर तिची बंदी हे सगळं गावानंच ठरवायला हवं. शहरातल्या क्लबनं फलक लावून जाणं मला मान्य नाही. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी संस्था आहे, शारीरिक शिक्षण हा या शहराचा जुना अभिमान. तिथल्या परंपरेत वाढलेल्या तरुणांनी मेळघाटातल्या कोरकू आदिवासी मुलांना सायकल दुरुस्ती, प्रथमोपचार, वाटाड्याचं काम शिकवलं तर ही वाट दोन्हीकडून वापरात येईल.

मागच्या हिवाळ्यात चिखलदऱ्याहून उतरताना एका वळणावर म्हातारे गवळीबाबा भेटले. साधी, बिनगिअरची सायकल, मागं दुधाचे दोन कॅन. ब्रेकचे रबर झिजलेले, म्हणून चपलेचा तळ पुढच्या टायरवर दाबत ते घाट उतरत होते. जळक्या रबराचा वास येत होता. थांबून त्यांनी माझा डिस्क ब्रेक बोटानं चाचपला. मी डांबरी सोडून दुसरी वाट विचारली, तेव्हा काडीनं धुळीत रेघ ओढली. इथून नाला, तिथून आंब्याचं झाड, मग पायथ्याच्या गावाची पांदण.

“आता जा, थंडीत काई नाई,” ते म्हणाले. “पर मोहाच्या दिवसांत नोका येऊ भाऊ. तवा थे वाट अस्वलाची राह्यते. आमी बी नाई जात.”

पायानं रेघ पुसून त्यांनी कॅनची दोरी आवळली, आणि चप्पल टायरवर टेकवून पुढच्या वळणाला लागले.