द्रविड मधोमध, निंबाळकर कुठे?

कागदावर एकमेकांत शिरणारी तीन वर्तुळं काढा. पहिलं इंदुरात जन्मलेल्यांचं, दुसरं मराठी घरातल्यांचं, तिसरं भारताकडून कसोटी खेळलेल्यांचं. आता माणसं बसवू.

तिन्हींच्या छेदात राहुल द्रविड. ओळख बंगळुरूची, पण जन्म इंदूरचा, १९७३चा. लता मंगेशकर (जन्म १९२९) पहिल्या दोहोंत. मुश्ताक अली इंदूरचे आणि कसोटीवीर. परदेशात कसोटी शतक ठोकणारे पहिले भारतीय, मँचेस्टर, १९३६. चंदू सरवटे मराठी आणि कसोटीवीर, मात्र जन्म सागरचा. याच सरवट्यांनी १९४६मध्ये ओव्हलवर शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या विकेटसाठी २४९ धावा कुटल्या! 'शोले'वाले सलीम खान फक्त पहिल्यात, पु. ल. फक्त दुसऱ्यात. आणि सी. के. नायडू? होळकर संघाचे कप्तान, म्हणजे इंदूरचेच की! पण जन्म नागपूरचा, घर तेलुगू. फक्त तिसऱ्यात. इंदूरकरांनी रागावू नये.

झाले सात कप्पे. आठवा वर्तुळांबाहेरचा, तिथे या आकृत्यांचा जनक, खुद्द जॉन वेन. गणितज्ञ ऑयलरची वर्तुळं त्याच्या आधीची, १७६८च्या पुस्तकातली. त्यांत असतील तेवढेच संबंध दाखवायचे. वेननं १८८०मध्ये हट्ट धरला: शक्य तेवढे सगळे कप्पे काढा, रिकामा असेल तो रेघांनी भरा. या तर्कशास्त्र्यानं चेंडू टाकणारं यंत्रही बनवलं होतं. १९०९मध्ये केंब्रिजला आलेल्या ऑस्ट्रेलियन संघातल्या एका नामवंत फलंदाजाचा त्यानं चार वेळा त्रिफळा उडवला. तरी कसोटीच्या वर्तुळात प्रवेश नाही.

आकृती वाचता यावी म्हणून दोन पथ्यं. नाव वर्तुळाच्या काठाशीच लिहा. रंगांची यादी कोपऱ्यात टाकली की वाचणाऱ्याची मान दुखते. आणि रंग फिकेच हवेत, गडद रंग एकमेकांवर चढले की मधल्या कप्प्यात द्रविड दिसेनासा होतो. मोठा कप्पा म्हणजे जास्त माणसं, हा तर सर्रास होणारा गैरसमज. कप्प्यात आकडाच लिहावा.

खरी गंमत चौथ्या संचाला. होळकर संघातले खेळाडू घ्या. १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी जिंकलेला संघ. आता कप्पे हवेत १६, पण चार वर्तुळं कशीही फिरवा, १४च्या वर जात नाहीत. चौकोनात मांडली तर समोरासमोरच्या जोडीचा स्वतंत्र कप्पाच उरत नाही. 'मराठी' आणि 'होळकर' समोरासमोर आले, तर भाऊसाहेब निंबाळकर बेघर: नाबाद ४४३ काढलेला, होळकरांकडूनही खेळलेला मराठी माणूस, जन्म कोल्हापूरचा, कसोटी एकही नाही.

वेननं यावर लंबवर्तुळं वापरली. चार लंबवर्तुळांत सोळाही कप्पे बसतात. पाचांत ३२ बसतात हे गणितज्ञ ग्रुनबाउम यांनी १९७५मध्ये काढून दाखवलं. बघायला देखणं, पण त्यात सरवटे शोधायला बोट फिरवत बसावं लागेल. पाच संच झाले की सरळ तक्ता आखावा.