सूर सोप्रानेलीचा, प्रेम मिशेलचं

ऑपेरागृहाच्या रंगमंचावर अरण्याचा देखावा उभा आहे. पुढे एक धिप्पाड गायिका आणि तिचा नायक सोप्रानेली. पडद्याआड एकमेकांवर खेकसणारे हे दोघे पडदा उघडताच प्रेमाची आळवणी सुरू करतात. त्यांच्या पाठीमागे, रंगवलेल्या झाडोऱ्याआड, मिशेल आणि बेआत्रीस अडकून पडले आहेत. बाहेर पडावं तर सगळं प्रेक्षागृह बघणार. दोघांचं बिनसलेलं, आणि बोलायचीही सोय नाही. मग पुढचं गाणंच त्यांच्या वतीनं बोलू लागतं. सोप्रानेली विनवतो आणि इकडे मिशेलची नजर बेआत्रीसकडे वळते. वरून सोडलेल्या कागदी पाकळ्या यांच्याही अंगावर पडतात. गाणं संपेपर्यंत रुसवा विरघळलेला असतो.

रने क्लेअरच्या ‘ल मिल्यों’ (१९३१) या फ्रेंच बोलपटातला हा प्रसंग. सुरुवातीच्या बोलपटांत प्रेमाचा इतका सुंदर प्रसंग मी दुसरा पाहिलेला नाही.

मिशेल हा पॅरिसमधला कर्जबाजारी चित्रकार. देणेकरी दाराशी ठाण मांडून बसलेले असतानाच त्याला लाखोंची लॉटरी लागते. तिकीट मात्र जुन्या कोटाच्या खिशात. तो कोट त्याची प्रेयसी बेआत्रीस हिच्याकडे शिवायला दिलेला, आणि मिशेलला दुसरीच्या मिठीत पाहून भडकलेल्या तिनं तो पोलिसांना चुकवत घरात शिरलेल्या एका चोराला देऊन टाकलेला! हा चोर, ट्युलिप आजोबा, जुन्या कपड्यांचं दुकान चालवतो. तिथून कोट जातो सोप्रानेलीकडे, रंगमंचावर फाटका दिसण्यासाठी. मध्येच पोलीस मिशेललाच ट्युलिप समजून उचलतात, आणि ओळख पटवायला आलेला जिवलग मित्र प्रॉस्पेर म्हणतो, हा कोण, मला ठाऊक नाही. तिकिटावर त्याचाही डोळा असतो.

मूळ कथा रंगभूमीवरच्या फार्सची. क्लेअरनं त्यातले संवाद छाटून बरंचसं काम गाण्यांवर सोपवलं. इथे देणेकरीसुद्धा कोरसमध्ये गातात. क्लेअर मूकपटातून आलेला. सगळेच बोलू लागले तर चित्राची कळाच जाईल, ही धास्ती त्याला होती. १९२९मध्ये लंडनला ‘ब्रॉडवे मेलडी’ पाहताना त्याला वाट सापडली: त्यात गाडीचं दार आपटल्याचा आणि गाडी निघून गेल्याचा आवाज ऐकू येतो, पडद्यावर मात्र राहतो फक्त नायिकेचा चेहरा. जे दिसतं तेच ऐकवायची गरज नाही, हे क्लेअरनं मनाशी पक्कं केलं.

म्हणून रंगमंचामागे कोटासाठी झोंबाझोंबी होते तेव्हा कानावर येतो रग्बीच्या मैदानावरचा गलका आणि पंचाची शिट्टी. ओळखीची गफलत फार्सला नवी नाही. भलत्याच्या अंगावर भलत्याचा कोट जातो आणि धमाल उडते. क्लेअरनं तीच गफलत आवाजाला लावली. भांडकुदळ गायकांच्या गळ्यातलं खोटं प्रेम मागे उभ्या असलेल्या दोघांच्या मनात जाऊन खरं होतं. बेआत्रीसची भूमिका करणारी आनाबेला इथे ओठही न हलवता केवळ नजरेनं हा बदल दाखवते.

हा प्रसंग एकदा आवाज बंद करून जरूर बघा. दोघे गातात आणि दोघे आडोशाला उभे राहतात, एवढंच दिसेल. मग आवाज सुरू करून पुन्हा बघा.