स्तनाग्र आत वळलेलं आहे? आधी एक प्रश्न विचारा : कधीपासून?

बाळ जन्मून दोन-तीन तास झालेत. सिस्टर बाळाला आईच्या छातीशी धरतात. बाळ तोंड उघडतं, इकडेतिकडे शोधतं आणि रडायला लागतं. खोलीतलं कुणीतरी म्हणतं, "हिचं बोंडच आत आहे, हिला पाजायला जमायचं नाही." अर्ध्या तासात समोरच्या मेडिकलमधून पावडरचा डबा येतो. बहुतेक वेळा त्या डब्याची गरज नसते.

आता दुसरं घर. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं एका बाजूचं बोंड गेल्या दोन-तीन महिन्यांत आत ओढलं गेलंय. दुखत नाही, म्हणून ती कुणाला सांगत नाही. सून विचारत नाही, मुलाला सांगायची सोय नाही. इथे मात्र थांबून चालत नाही.

दिसायला दोन्हीकडे एकच गोष्ट. पहिल्या घरात उगाच घाबरवलं जातं आणि दुसऱ्या घरात घाबरायला हवं तिथे गप्प बसलं जातं. म्हणून हा एक्सप्लेनर.

(शब्दाबद्दल एक गोष्ट. हा विषय डेस्कवर निघाला तेव्हा पहिली दहा मिनिटं शब्दावरच गेली. छापायला 'स्तनाग्र', गावात 'बोंड', डॉक्टरांच्या कागदावर 'इन्व्हर्टेड निपल'. दवाखान्यात यातला कोणताही शब्द वापरा, समोरच्याला कळतं.)

आत वळलेलं म्हणजे नेमकं काय?

स्तनाग्र बाहेर येण्याऐवजी सपाट असतं किंवा बेंबीसारखं आत गेलेलं असतं. त्याच्या मागे दूधवाहिन्या असतात आणि त्यांच्याभोवती तंतू. वयात येताना स्तन वाढतात, पण काही मुलींमध्ये या वाहिन्या आखूड राहतात किंवा तंतू घट्ट राहतात आणि स्तनाग्राला आतून धरून ठेवतात. हा आजार नाही, ठेवण आहे. वेगवेगळ्या अभ्यासांत शंभरातल्या साधारण २ ते १० बायकांमध्ये हे आढळलं आहे. म्हणजे तुमच्या वर्गात, बचत गटात, ऑफिसात कुणाला ना कुणाला ते असणार. पुरुषांमध्येही असतं.

ओळखायची पद्धत सोपी आहे. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या कडेवर अंगठा आणि पहिलं बोट ठेवून हलकेच दाबायचं. स्तनाग्र बाहेर आलं तर ते फक्त सपाट आहे. आणखी आत गेलं तर ते खऱ्या अर्थाने वळलेलं आहे. डॉक्टर त्याच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत बोटाने सहज बाहेर येतं आणि काही वेळ टिकतं. दुसरीत बाहेर येतं, पण सोडलं की परत आत. तिसरीत ओढूनही बाहेर येणं कठीण. पहिल्या पायरीत बाळाला पाजायला सहसा अडचण येत नाही. दुसऱ्या पायरीतही बऱ्याच जणींना थोड्या मदतीने जमतं. तिसरीत खरी कसरत असते.

सगळा फरक 'कधीपासून' या शब्दात

इंजिनिअरिंगला असताना यंत्राच्या कंपनाची नोंद घ्यायला शिकवलं होतं. आकडा किती आहे यापेक्षा त्याच यंत्राच्या कालच्या आकड्यापेक्षा तो किती बदलला, हे आधी बघायचं. इथेही तोच नियम. वयात आल्यापासून दोन्ही बाजू अशाच असतील, बोटाने बाहेर येत असतील, बाकी काही त्रास नसेल, तर उपचाराची गरज नाही. आंघोळीनंतर तो खळगा कोरडा ठेवला तरी पुरे, ओल राहिली की कातडी चरचरते.

पण आयुष्यभर बाहेर असलेलं स्तनाग्र अलीकडे आत गेलं, तेही एकाच बाजूचं, तर तपासणी हवीच. त्याच्या जोडीला गाठ लागत असेल, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल किंवा तिथे खळी पडली असेल, स्तनाग्रातून रक्ताळलेलं पाणी येत असेल, किंवा तिथे इसबासारखं चट्टं पडून मलमाने बरं होत नसेल, तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. काखेतली गाठही यातच धरा.

प्रत्येक वेळी तो कॅन्सरच असतो असं नाही. दूधवाहिन्या रुंद होऊन त्यांना सूज येते, जुना गळू भरून येताना कातडी आत ओढली जाते, क्वचित स्तनाचा क्षयरोगही असतो. यातलं नेमकं काय, हे आरशासमोर ठरत नाही. डॉक्टर हाताने तपासतात, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी (तरुण बायकांमध्ये सहसा आधी सोनोग्राफी) आणि गरज वाटली तर सुईने छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. "सुई लावली की पसरतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यात तथ्य नाही. उलट त्या सुईशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत.

पुरुषांना हा कॅन्सर कमी होतो, पण होतो. एका बाजूचं स्तनाग्र आत ओढलं जाणं ही त्यांच्यातलीही ठळक खूण आहे.

पाजायला जमेल का?

बाळ बोंड चोखत नाही, स्तन चोखतं. तोंड मोठं उघडून ते भोवतालचा काळा भागही आत घेतं आणि जिभेने दाबून दूध काढतं. स्तनाग्र फक्त दिशा दाखवायला असतं. त्यामुळे 'बोंड नाही म्हणजे दूध नाही' हे गणितच चुकीचं आहे. दूध तयार होण्याशी स्तनाग्राच्या ठेवणीचा संबंध नसतो.

पहिले दोन दिवस महत्त्वाचे. तेव्हा स्तन मऊ असतात आणि बाळाला पकड शिकायला सोपं जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून स्तन टणक झाले की आत वळलेलं स्तनाग्र आणखी सपाट होतं. म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यायचं, चीक पाजायचा आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे. स्तन टणक झालेच तर आधी हाताने थोडं दूध काढून काळा भाग मऊ करायचा, मग बाळाला लावायचं. एखाद्या कुशीवर जमत नसेल तर बाळाला काखेखाली धरून पाहायचं. तोवर काढलेलं दूध उकळलेल्या वाटी-चमच्याने किंवा घरातल्या बोंडल्याने पाजता येतं. बाटली टाळायची, कारण तिच्या लांब बुचाची सवय लागली की बाळ स्तनाकडे वळायला कुरकुर करतं.

गरोदरपणात रोज तेल लावून बोंड ओढायचा सल्ला अजून घराघरांत दिला जातो. ब्रिटन आणि कॅनडातल्या ४६३ गर्भवतींवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओढण्याचे व्यायाम आणि ब्राच्या आत घालायच्या प्लास्टिकच्या वाट्या, दोन्हींचा पुढे पाजण्यासाठी फायदा दिसला नाही. शिवाय स्तनाग्र चोळल्याने गर्भाशय आकुंचन पावू शकतं. ज्यांना आधीच लवकर कळा येण्याचा धोका सांगितला आहे त्यांनी तर या भानगडीत पडूच नये. गरोदरपणात अनेकींची स्तनाग्रं आपोआपच सुटी होतात.

वीस मिलीची सिरिंज

बाळंतपणानंतरचा उपाय मात्र आपल्या शेजारच्या राज्यातून आला आहे, आणि तो फार स्वस्त आहे. कर्नाटकातल्या दावणगेरेच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात साध्या डिस्पोजेबल सिरिंजची पद्धत मांडली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपान प्रशिक्षणातही ती आली.

२० मिलीची नवी सिरिंज घ्यायची. सुई बसवायचं टोक कापून टाकायचं. दट्ट्या काढून कापलेल्या बाजूने आत घालायचा, म्हणजे गुळगुळीत कड स्तनाकडे येते. हा बदल विसरलात तर कापलेली धारदार कड कातडीवर बसेल. गुळगुळीत बाजू स्तनाग्रावर टेकवून दट्ट्या हळूच ओढायचा, अर्धा ते एक मिनिट धरायचा. दुखलं तर दट्ट्या थोडा आत सोडायचा. काढतानाही आधी आत ढकलून ओढ कमी करायची, हिसकायचं नाही. पाजण्याआधी, दिवसातून काही वेळा. पहिल्यांदा सिस्टर किंवा डॉक्टरांसमोर करून पाहा. ही पद्धत बाळंतपणानंतरची आहे, गरोदरपणातली नाही.

आपल्या जिल्ह्यात याचं महत्त्व वेगळं आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. कोपीत राहणाऱ्या ओल्या बाळंतिणीला पावडर परवडायचा प्रश्न नंतरचा, आधी स्वच्छ पाणी आणि बाटली उकळायला सरपण कुठून आणायचं? तिथे अंगावरचं दूध सुटलं की बाळाच्या जुलाबाला वाट मोकळी होते. गाडी निघायच्या आधी पकड जमवून घेणं म्हणूनच गरजेचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. तिसऱ्या दिवशीची भेट दूध भरून येण्याच्या सुमारासच पडते, तेव्हा लाज न धरता दाखवा.

गावातल्याच बाईने गावातल्या बायकांशी हे बोलायचं, ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला प्रकल्प सुरू केला आणि कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. 'आशा' योजना त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळाने आली.

हाताने तपासून काही साधतं का?

साधतं, आणि त्याचा पुरावा मुंबईचा आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करायच्या, मॅमोग्राफी नाही. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निकाल आले. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूंत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

म्हणजे वर सांगितलेल्या त्या गप्प बसलेल्या बाईसाठी उपकेंद्रातली पाच मिनिटांची तपासणी पुरेशी सुरुवात आहे. तिशीपुढच्या प्रत्येकीला आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी मोफत मिळायला हवी. पुढे जिल्हा रुग्णालय, लोणीचं प्रवरा किंवा विळद घाटातलं विखे पाटील रुग्णालय आहे. जामखेड-कर्जतकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयही आहे. निदान झालंच तर कॅन्सरचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात. रुग्णालय योजनेत आहे का, हे भरती होण्याआधी विचारा.

आणि ऑपरेशन?

जन्मजात ठेवणीसाठी ऑपरेशन ही वैद्यकीय गरज नसते, इच्छा असते. दिसण्याचा संकोच वाटणं खरं आहे, त्याला हसू नये. पण डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा : दूधवाहिन्या वाचवणार की कापणार? कापल्या तर त्या बाजूने पुढे पाजता येत नाही. वाचवल्या तर स्तनाग्र पुन्हा आत जाण्याची शक्यता राहते. मूल व्हायचं असेल तर थांबलेलं बरं. ओढ देणारी छोटी उपकरणं ऑनलाइन मिळतात, पहिल्या-दुसऱ्या पायरीत काहींना उपयोग होतो, पण ती महिनोन्महिने लावावी लागतात. अलीकडे आत गेलेल्या स्तनाग्रावर, तपासणी न करता, यातलं काहीही लावू नका.

तपासणीला जाताना एवढं आठवून जा : कधीपासून, एक बाजू की दोन्ही, बोटाने बाहेर येतं का, काही स्राव येतो का, शेवटचं कधी पाजलं. महिला डॉक्टर किंवा सिस्टरला सोबत उभं राहायला सांगता येतं.

आणखी एक. आशाताई तिशीपुढच्यांचा जो तपासणी अर्ज भरून घेतात, त्यात स्तनाबद्दल तीन गोष्टी विचारतात : गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्ताळ स्राव येतो का, आकारात बदल झालाय का. 'बोंड आत गेलंय का' असा वेगळा प्रश्न त्यात नाही. तुमचं नव्याने आत गेलं असेल, तर तिसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणा.