पेपर मोजले, वाचले कुणी?

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘केअर लिस्ट’ मोडीत काढली. कोणत्या नियतकालिकात छापलेला शोधनिबंध बढतीला धरायचा, हे या यादीवरून ठरत असे आणि तिचा कारभार सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. आता बरे-वाईट नियतकालिक कोणते, ते विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी आपले आपण ठरवायचे आहे. ही जबाबदारी कुणाच्या हाती जाते आहे, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

२०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या कामाला गुण लावले. महाविद्यालयांत त्याला ‘एपीआय’ म्हणतात. तज्ज्ञांनी तपासलेल्या पेपरला १५ गुण आणि न तपासलेल्या, पण आयएसएसएन असलेल्या नियतकालिकातल्या पेपरला १०. गोम इथेच आहे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक. दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. गुण मिळू लागल्यावर मात्र तोच दर्जाचा शिक्का झाला. ग्रंथालयात नवी नियतकालिके येत नाहीत, तास, पेपर तपासणी, नॅकच्या फायली आणि निवडणुकीची ड्युटी संपत नाही, अशा तालुक्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकालाही संशोधन सक्तीचे झाले. सक्तीपाठोपाठ बाजार आला.

या बाजाराची जाहिरात व्हॉट्सॲपवर येते. दोन दिवसांत परीक्षण, आठवड्यात प्रसिद्धी, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या पुढे, प्रमाणपत्र सोबत. शुल्क तेवढे आधी भरायचे. खऱ्या नियतकालिकाला योग्य परीक्षक मिळवायलाच कित्येक आठवडे लागतात, तेव्हा दोन दिवसांत काय तपासले जात असेल ते उघड आहे. काही जण तर जुन्या, नावाजलेल्या नियतकालिकाचे नाव आणि मुखपृष्ठ उचलून हुबेहूब बनावट संकेतस्थळ उभे करतात. त्यात तासिका तत्त्वावर राबणारे तरुण शिक्षक पदरचे पैसे घालवून बसतात. माझा राग त्यांच्यावर नाही.

‘सायन्स’ साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ढळढळीत चुका असलेला बनावट शोधनिबंध वेगवेगळ्या नावांनी ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. त्यातल्या १५७ जणांनी तो स्वीकारला, आणि स्वीकारणाऱ्यांत भारतातली नियतकालिके सर्वाधिक होती. पुढे २०१८ मध्ये पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी आयोगाच्या तेव्हाच्या मान्यताप्राप्त यादीची तपासणी ‘करंट सायन्स’मध्ये मांडली. इतर कुठल्या सूचीत नसलेली, केवळ विद्यापीठांच्या शिफारशीवर यादीत आलेली नियतकालिके त्यांनी पाहिली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. म्हणजे कचरा यादीत आला तो विद्यापीठांच्या हातूनच, आणि आता निवड पुन्हा त्यांच्याकडेच आली आहे. मला काळजी वाटते ती याची.

वाङ्मयचौर्याचेही आपण असेच आकड्यावर सोपवले. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते. प्रबंधात ते ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य शब्दप्रयोग मोजणीतून वगळले जातात. नियम वाईट नाहीत, पण सॉफ्टवेअर जुळणारे शब्द शोधते, चोरी ओळखत नाही. इंग्रजी पुस्तकातले प्रकरण मराठीत उतरवले की टक्का सहसा खालीच राहतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तर यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रांग वाटतो. असा प्रबंध ‘शून्य टक्के’ घेऊन पुढे सरकू शकतो. ती चोरी पकडायला मूळ पुस्तक वाचलेला माणूसच लागतो, आणि तो माणूस म्हणजे गाइड.

त्याच गाइडचे नाव विद्यार्थ्याच्या प्रत्येक पेपरवर का असते, हेही विचारायला हवे. एपीआयमध्ये पहिला लेखक आणि मार्गदर्शक मिळून ६० टक्के गुण समान वाटून घेत, उरलेले ४० टक्के बाकीच्या लेखकांचे. नाव टाकण्यालाच मोल आले, मग काम केले की नाही ही चौकशी मागे पडली. ज्याने एक ओळ लिहिली नाही, आकडे तपासले नाहीत, त्याचे नाव लेखक म्हणून छापणे ही वाचकाची फसवणूक आहे. विद्यार्थी त्याबद्दल बोलत नाही, कारण त्याच्या प्रबंधावर सही त्याच सरांची व्हायची असते.

निवड समित्यांनी आता उमेदवाराकडून पेपरांचा गठ्ठा घेणे थांबवावे. त्याला जे तीन-चार पेपर आपले सर्वांत चांगले वाटतात, तेवढेच मागवावेत, मुलाखतीआधी सदस्यांनी ते खरोखर वाचावेत आणि त्यांवरच बोलावे. पीएच.डी.ची मौखिक परीक्षाही खुली असते. तिथे बाहेरच्या कुणी प्रश्न विचारला की भुवया उंचावतात, हे बदलायला हवे. प्रश्नावली कोणत्या गावात भरून घेतली, किती जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, निष्कर्षाच्या विरोधात जाणारे आकडे कुठे आहेत, हे विचारायला तज्ज्ञ असावे लागत नाही. ज्याने काम केले आहे, तो यावर तासभर बोलतो.