हप्त्याचे खरे व्याज आणि गणकयंत्र

दुभत्या म्हशींसाठी एक लक्ष रुपयांचे कर्ज, मुदत तीन वर्षे, व्याज 'फ्लॅट' १० टक्के. दर माफक वाटतो. व्याजाचे ३०,००० रुपये मुद्दलात मिळवून ३६ मासिक हप्ते पाडले की प्रत्येक हप्ता ३,६११ रुपये ११ पैसे होतो. परंतु मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र अखेरपर्यंत संपूर्ण लाखावरच द्यावे लागते. मग खरा दर कोणता? कागदावर तो अंदाजाने धरून पुनःपुन्हा पडताळावा लागतो.

ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९८१ साली काढलेले एचपी-१२सी हे गणकयंत्र हे काम काही क्षणांत करते. हप्त्यांची संख्या, दर, आरंभीची रक्कम, हप्ता व अखेरची रक्कम यांच्या पाच कळा त्यावर आहेत. चार बाबी भरल्या की पाचवी मिळते. हप्ता हा हातून जाणारा पैसा, म्हणून तो ऋण चिन्हाने भरावयाचा असतो. नवशिका येथेच हमखास चुकतो. वरील कर्जाचे उत्तर दरमहा १.४९ टक्के, म्हणजे वर्षास सुमारे १७.९ टक्के येते. ही कृती यंत्रात एकदा साठविली की पुढील कर्जासाठी केवळ फ्लॅट दर व मुदत भरणे पुरते.

त्याच कळांनी बचतही मोजता येते. दरमहा २,००० रुपये अर्धा टक्का मासिक व्याजाने ठेवल्यास ३६ महिन्यांत ७८,६७२ रुपये जमतात. म्हशींची किंमत तोवर तेवढीच राहिली, तर कर्ज २१,३२८ रुपयांचेच लागेल आणि त्याचा हप्ता फ्लॅट दरानेही सुमारे ७७० रुपये पडेल.