शेतसंरक्षणाची बंदूक : कुलपातही आणि हाताशीही



मृगाचा पाऊस पडून पेरणी आटोपली, की आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू भागातील शेतकऱ्याची रात्रीची झोप उडते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत तास उकरून पेरलेले बी खातो. पुढे तूर, हरभरा वर आला की रोही शिरतात, आणि ते खातात त्यापेक्षा तुडवितात जास्त. बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या आसपासच्या गावांना हे नव्याने सांगावयास नको. अशा भागात काही घरांत शेतसंरक्षणासाठी घेतलेली परवान्याची बंदूक असते. कोठे आजोबांच्या वेळची ठासणीची, तर कोठे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी.

सेवाग्रामच्या जिल्ह्यात बंदुकीवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु बंदूक घरात आहे ही वस्तुस्थिती आहे. ती कशी चालवावी हे सांगणारे गावात दोन-चार जण तरी भेटतात. ती न चालविण्याच्या वेळी, म्हणजे वर्षातील जवळजवळ सगळा वेळ, कशी ठेवावी हे सांगणारा मात्र सहसा भेटत नाही.

बहुतेक घरांत ती खुंटीला टांगलेली, कपाटामागे उभी केलेली किंवा माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : "वेळेवर हाताशी पाहिजे ना!" या उत्तराचा थोडा हिशेब करून पाहू.

हाताशी म्हणजे किती हाताशी?

समजा, रात्री दोन वाजता जागलीवरून निरोप आला की डुकरे शेतात शिरली. शेत घरापासून अर्ध्या कोसावर आहे. उठणे, चपला घालणे, बॅटरी शोधणे, गाडी काढणे आणि बांधापर्यंत पोहोचणे यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. किल्ली जागेवर असेल तर कुलूप काढावयास अर्धे मिनिट लागते. पंधरा मिनिटांत अर्ध्या मिनिटाने डुकरांचे काही बिघडत नाही. उशीर होतो तो कुलपामुळे नव्हे, तर किल्ली आणि बॅटरी जागेवर नसल्यामुळे. म्हणून या दोन वस्तूंची जागा आधी ठरवून टाकावी.

काही जण बंदूक चोरदरोड्याच्या भीतीने उशाशी ठेवतात. विदर्भातील उन्हाळा आठवा. एप्रिल-मे मध्ये सारे घर गच्चीवर किंवा अंगणात झोपते आणि आतील खोल्या रिकाम्या असतात. अशा वेळी चोर आत शिरला तर खुंटीवरची बंदूक मालकाच्या आधी त्याच्याच हाती लागेल. शिवाय उन्हाळ्याच्या सुटीत नागपूर-पुण्याहून नातवंडे येतात. त्यांना या घरातील कोणती वस्तू खेळण्याची नाही हे कोणी सांगितलेले नसते. दहा वर्षांचे मूल कपाटावर चढू शकते, माळ्यावर तर नक्कीच चढते. मुलांपासून लपवून ठेवली आहे असे आपण म्हणतो, पण घरातील लपविलेली वस्तू मुलांनाच आधी सापडते. लपविणे आणि कुलूप लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बंदूक, काडतूस, किल्ली

या तिघांची जागा वेगळी असावी. बंदूक नेहमी रिकामी ठेवावी आणि पत्र्याच्या किंवा लोखंडी कपाटात कुलपात ठेवावी. कपाट भिंतीला मागून बोल्टने पक्के करावे, नाहीतर चोर कपाटच उचलून नेतो. काडतुसे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात ठेवावीत. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी. करदोट्याला बांधलेली किल्ली ही आपल्याकडील जुनी आणि उत्तम पद्धत आहे. देवघरातील डबी, घड्याळामागची फट, तुळशीवृंदावन या जागा घरातील सर्वांना ठाऊक असतात. आकड्यांचे कुलूप असेल तर मोटारसायकलचा नंबर किंवा मुलाचे जन्मसाल ठेवू नये, आणि मुलांसमोर ते उघडू नये.

मोठे कपाट घेणे प्रत्येकाला परवडत नाही. मधून मोडून भरावयाची एकनळी-दुनळी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याहून सोपा उपाय आहे. या बंदुकीचे तीन भाग हातानेच सुटे होतात : नळी, दस्ता आणि नळीखालचे लाकूड. बंदूक रिकामी करावी. मोडून दोन्ही नळ्यांत डोळ्यांनी पाहावे, अंधार असेल तर बोट घालूनही पाहावे. मग नळी सुटी करून एका पेटीत आणि दस्ता दुसऱ्या पेटीत कुलूपबंद करावा. नुसती नळी किंवा नुसता दस्ता घेऊन कोणालाही बार काढता येत नाही. सराव असलेल्या माणसाला ती मिनिटभरात पुन्हा जोडता येते. रिकाम्या बंदुकीने दिवसा आठ-दहा वेळा सराव करावा. सरावाच्या वेळी काडतुसे त्या खोलीत नसावीत.

घराऐवजी शेतातील झोपडीत बंदूक ठेवण्याची काहींची रीत आहे. ती सोडावी. झोपडीला कुलूप असले तरी तट्टा वाकविता येतो.

ठासणीच्या बंदुकीची वेगळी गोष्ट

येथे थोडे थांबून वाचावे, कारण आमच्या मते सर्वांत जास्त धोका याच बंदुकीत आहे. बारा बोअरमधून काडतूस काढले की ती रिकामी होते. ठासणीची बंदूक एकदा दारू आणि छर्रे ठासून भरली की सहजासहजी रिकामी होत नाही. त्यामुळे रात्री बार झाला नाही तर सकाळी ती भरलेलीच घरी येते. नुसती टोपी काढून खुंटीला लागते, आणि चार महिन्यांनी ती भरलेली आहे हे घरात कोणाच्या ध्यानातही राहत नाही. टोपी नाही म्हणजे बंदूक उडत नाही, हा समज चुकीचा आहे. ठिणगी किंवा आच दारूपर्यंत पोहोचली, की बार होतो.

भरलेली की रिकामी हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. बंदूक रिकामी आहे याची परवानाधारक दुरुस्ती-कारागिराकडून एकदा खात्री करून घ्यावी. मग ठासणीचा गज नळीत तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करावी. पुढे जेव्हा केव्हा गज सोडाल तेव्हा ती खूण तोंडाशी आली तर नळी रिकामी आहे. खूण बोटभर जरी वर राहिली तरी आत काही तरी आहे असे समजावे. गज सोडताना नळीचे तोंड आपल्याकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे नसावे, आणि गजावर हात किंवा चेहरा आणू नये. भरलेली आढळली तर घरी खरवडून काढण्याचा खटाटोप करू नये. कारागिराला घरी बोलवावे.

काळी दारू ओल धरते. बार झाल्यावर नळीत उरणारी राख लोखंड फार लवकर खाते. म्हणून वापर झाला की त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवावा. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चांगले मानवते, आणि ते आपल्या भागात मिळतेही. परंतु जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेते. मोकळी पसरून वाळवावी, मग टाकावी.

कापूस, खत आणि दारू

वर्धा जिल्ह्यातील घराची एक अडचण पुस्तकात सापडत नाही. भाव वाढण्याच्या आशेने आपण कापूस घरातच साठवितो. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली असते. त्याच घरात ठासणीची दारू आणि टोप्या असतील, तर एका ठिणगीने काय होईल ते लिहून सांगण्याची गरज नाही. दारू आणि टोप्या एकत्र ठेवू नयेत. कापूस, चूल, देवघरातील समई आणि विजेचा बोर्ड या सर्वांपासून त्या दूर असाव्यात. दारूचा मूळ डबा लाकडी पेटीत ठेवावा. जाड लोखंडी डब्यात झाकण आवळून ती भरू नये, कारण कोंडलेली दारू पेटली की डब्यासकट फुटते.

काडतुसांचे दोन शत्रू, ओल आणि उष्णता. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की पत्र्याखालच्या माळ्याची भट्टी होते. तेथे काडतुसे नकोत. फुगलेली, हिरवट चढलेली किंवा वर्ष न आठवणारी काडतुसे चालवून पाहू नयेत. ती विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावीत. बंदूक युरियाच्या पोत्यांशेजारी, मिठाजवळ किंवा औषधांच्या खोलीत ठेवू नये, गंज फार लवकर चढतो. कातडी किंवा कापडी पिशवी नेण्या-आणण्यापुरती वापरावी. पावसाळाभर बंदूक तिच्यात बांधून ठेवली तर पोळ्यापर्यंत नळीवर लाल थर दिसेल.

याच जिल्ह्यात पुलगावला सैन्याचे मोठे दारूगोळा भांडार आहे. तेथे ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागून पंधराहून अधिक जण मृत्युमुखी पडले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन सहा जण दगावले. प्रशिक्षित माणसे जेथे नियमाने काम करतात तेथे ही स्थिती आहे. त्या भागात रानात सापडलेला कोणताही धातूचा नळकांडा भंगार म्हणून घरी आणू नये. हात न लावता पोलिसांना कळवावे.

घरातून शेतापर्यंत

बंदूक रिकामीच न्यावी, काडतुसे खिशात ठेवावीत. मोटारसायकलवर पिशवीत घालून न्यावी. मचाणावर चढताना, तारेचे कुंपण किंवा नाला ओलांडताना ती हातात भरलेली नसावी. मचाणावर आधी आपण चढावे, मग रिकामी बंदूक दोरीने नळीचे तोंड खाली ठेवून ओढून घ्यावी. भरावयाची ती बसल्यावर. शेजारच्या शेतातही कोणी जागलीला बसलेला असतो हे विसरू नये. झुडूप हलले म्हणजे डुक्करच, असे नाही. मोठे छर्रे दोनशे-तीनशे मीटरवरही माणसाला इजा करू शकतात. उतरण्याच्या आधी ती पुन्हा रिकामी करावी. थंडीने बधिर झालेल्या हातांनी पहाटे हे काम कंटाळवाणे वाटते आणि नेमके तेव्हाच राहून जाते.

रानडुक्कर आणि रोही यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. शस्त्र परवाना म्हणजे त्यांना मारण्याची परवानगी नव्हे. ती वनविभागाकडून लेखी घ्यावी लागते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटावे. याच अधिनियमानुसार अभयारण्यात किंवा त्याच्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाला वनविभागाकडे नावनोंदणी करावी लागते. बोरच्या भोवतालच्या अनेक परवानाधारकांना हे माहीत नसते. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणे हा तर गुन्हाच आहे. त्याने डुकराआधी माणूस किंवा स्वतःचा बैल मरतो.

परवाना ज्याच्या नावावर आहे, बंदूकही त्यानेच हाताळावी. मुलाच्या किंवा सालदाराच्या हाती देऊन त्याला जागलीला पाठविणे हा गुन्हा आहे. वरातीत बार काढण्याबाबत २०१९ च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

मनावर ओझे असेल तेव्हा

हा भाग लिहिणे सोपे नाही, पण गाळणेही योग्य नाही. विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आपला जिल्हा मोडतो. घरातील कोणी गप्प राहू लागला, जेवण तुटले, निरवानिरवीचे बोलू लागला, तर त्या घरात बंदूक ठेवू नये. परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ती तात्पुरती जमा करावी. तो माणूस स्वतः परवानाधारक असेल तर किल्ली आजच्या आज घरच्यांनी मागून घ्यावी. फवारणीच्या औषधांनाही कुलूप लावावे. ती तर बंदुकीपेक्षा कितीतरी अधिक घरांत उघडी पडलेली असतात. टोकाचा विचार पुष्कळदा काही वेळाने ओसरतो. तेवढा वेळ साधन हाती लागले नाही तर माणूस वाचू शकतो. त्याला एकटे सोडू नये. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

कागदपत्रे

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. मुदतीची तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावी. बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या वहीत लिहावी, म्हणजे एक जरी कमी झाले तरी कळते. चोरी किंवा गहाळ झाल्यास त्याच दिवशी पोलीस ठाण्यात कळवावे. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर ते रिकामे, स्वच्छ करून न्यावे आणि परत आणल्यावर पुन्हा तेल द्यावे.

परवानाधारक वारला तर त्याच्या मागे बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार आपोआप मुलाकडे येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. तेराव्याच्या गडबडीत हे राहते, वर्षे उलटतात आणि घरात बेकायदा शस्त्र तयार होते. म्हणून किल्ली कोठे आहे आणि बंदूक कोठे जमा करावयाची, हे कारभाऱ्याने पत्नीला आजच सांगून ठेवावे. जमा करताना पावती घ्यावी आणि ती परवान्यासोबतच ठेवावी.